बर्फाचं पाणी आणि माशीचा गळ

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सकाळी साडेसातला आम्ही हिमाचलातल्या गुशैणीच्या खाली तीर्थन नदीच्या काठावर उभे होतो. पाणी इतकं नितळ की तळातले गोटे एकेक करून मोजावेत. दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडला, दोन मिनिटांनी वर काढला : ५ अंश. मी काठी जोडायला घेतली, तर आमचा वाटाड्या म्हणाला, "घाई नको भाईजी, नदीला अजून जाग यायचीय." मग आम्ही चहा केला. अकरानंतर ऊन दरीच्या तळाशी उतरलं, पाणी साडेआठ अंशांवर आलं आणि एका थोरल्या खडकाच्या आडोशाला, संथ पाण्यावर पहिलं वर्तुळ उठलं. मग दुसरं. पुढचे दोन तास ट्राउट मासे वर येत राहिले. तीनच्या सुमाराला काठावर खुणेसाठी ठेवलेला दगड भिजला, पाण्यात किंचित दुधाळ झाक आली आणि वर्तुळं थांबली. वरच्या उतारांवर दुपारी वितळलेला बर्फ आमच्यापर्यंत येऊन पोचला होता.

हिमालयातल्या नद्यांवर वसंतात फ्लाय फिशिंगला परिस्थिती कशी असते, असं मला बरेच जण विचारतात. पुण्या-मुंबईची तरुण मंडळी हल्ली या छंदाकडे वळू लागली आहेत आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, "कोणती फ्लाय घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे : आधी थर्मामीटर घ्या. वसंतात मासा कुठे आहे, खातोय की नाही, आणि त्याच्या वाटेला जावं की जाऊ नये, हे सगळं पाणी सांगतं. पाण्याचं तापमान, पाण्याची उंची आणि पाण्याचा रंग या तीन गोष्टी ज्याला वाचता येतात त्याला बाकीचं हळूहळू जमतं.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कोकणात गळाने मासे धरण्याला 'गरवणं' म्हणतात. गरवताना वजन गळाकडे असतं. आमिषाचं आणि शिशाच्या गोळीचं वजन दोरीला ओढत नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये हे उलटं आहे. इथे दोरीच जाड आणि वजनदार असते, काठीच्या झोक्याने तीच हवेत लांब उलगडते, आणि तिच्या टोकाच्या केसासारख्या बारीक तंतूला बांधलेली 'माशी', म्हणजे फ्लाय, अलगद पाण्यावर उतरते. ही माशी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा काटा, त्यावर रेशमी धाग्याने गुंडाळलेली कोंबड्याच्या मानेची पिसं, सशाची लव, कधी मोरपिसाचा एखादा तंतू. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या एका नदीवरचे लोक काट्याला लाल लोकर आणि पिसं बांधून ठिपक्यांचे मासे धरतात, असं लिहून ठेवलं आहे. कल्पना तेव्हापासून तीच आहे : मासा जे खातोय तसं दिसणारं काहीतरी, तो जिथे खातोय तिथे, पाण्याच्या ओघाबरोबर वाहत न्यायचं.

हिमाचल प्रदेशात ट्राउटच्या नद्या १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारीला बंद असतात. काश्मीरमध्ये हंगाम साधारण एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत चालतो. तिथे नद्यांचे 'बीट' पाडलेले असतात आणि त्या त्या बीटचा परवाना काढावा लागतो. ही बंदी कशासाठी आहे हे नीट समजून घेतलं तर वसंतातल्या नदीकडे बघण्याची नजरच बदलते. हिमालयातला ब्राउन ट्राउट हिवाळ्याच्या तोंडाशी अंडी घालतो. मादी शेपटीने रेतीमिश्रित बारीक गोट्यांत खळगा करते, अंडी घालते आणि पुन्हा गोटे सारून ती झाकते. अंड्यांना उबवणारं कोणी नसतं, नदीच उबवते. त्याचा हिशेबही सोपा आहे. पाण्याचं रोजचं सरासरी तापमान जोडत गेलं की साधारण ४०० अंश-दिवस भरल्यावर पिल्लं अंड्यातून बाहेर येतात. पाणी १० अंशांचं असेल तर त्याला सुमारे ४० दिवस लागतात, ५ अंशांचं असेल तर ८० किंवा त्याहून जास्त. तीर्थनसारख्या थंड नदीत ही तारीख फेब्रुवारी-मार्चपर्यंत जाते. बाहेर आलेलं पिल्लू लगेच पोहत नाही. पोटाखाली बलकाची पिशवी घेऊन ते आणखी काही आठवडे गोट्यांच्या फटीतच राहतं.

म्हणजे हंगाम उघडतो तेव्हा नदीच्या तळातला पाळणा अजून रिकामा झालेला नसतो. वरून दिसतो तो फक्त एक स्वच्छ, उजळ रंगाचा, आजूबाजूच्या शेवाळलेल्या गोट्यांहून वेगळा पट्टा. नवशिक्याला उभं राहायला तीच जागा सोयीची वाटते, कारण तिथे पाय घसरत नाही. त्याच्या बुटाखाली त्या वेळी काय चिरडतं हे त्याला कधीच कळत नाही. मार्चमध्ये मी शक्यतो पाण्यात उतरतच नाही, काठावरून किंवा मोठ्या खडकांवरून फेकतो. त्यामुळे काही जागा हातच्या जातात, त्या जाऊ देतो.

आता पाण्याकडे. हिमालयातल्या नद्यांना वसंतात तीन ठिकाणांहून पाणी येतं : हिवाळ्यात पडलेल्या बर्फातून, हिमनद्यांतून आणि जमिनीतल्या झऱ्यांतून. कोणत्या नदीत कशाचं पाणी किती आणि कधी, यावर तिचा वसंत ठरतो. मार्चमध्ये खालच्या उतारांवरचा बर्फ वितळतो. हे पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं आणि ते रोजच्या ठरलेल्या तालावर येतं. रात्री वितळणं थांबतं म्हणून सकाळी नदी सर्वांत खाली असते, दुपारनंतर चढते आणि संध्याकाळी सर्वांत वर असते. उगमापासून जितकं लांब जावं तितका चढाचा वेळ पुढे सरकतो. खालच्या गावात तो मध्यरात्रीही येतो. म्हणून एकाच नदीवर दोन ठिकाणी चांगली वेळ वेगवेगळी असते आणि वरच्या गावचा सल्ला खालच्या गावात चालत नाही.

एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऊन वरच्या उंचीवर पोचतं आणि मे महिन्यात हिमनद्यांचं पाणी मिसळू लागतं. हिमनदी खडक घासत सरकते, त्याचं पिठासारखं बारीक चूर्ण पाण्यात येतं. ते लवकर तळाशी बसत नाही. नदी राखाडी होते आणि तशीच राहते. काश्मीरची लिद्दर याचं चांगलं उदाहरण आहे. तिची पूर्वेची शाखा शेषनागकडून येते, पश्चिमेची कोलहोई हिमनदीकडून, आणि दोन्ही पहलगामला मिळतात. एप्रिलच्या सुरुवातीला, थंडी सहन होत असेल तर, तिथे नितळ पाण्यावर सुंदर दिवस मिळतात. मे-जूनमध्ये तीच नदी फुगून धडधडत असते. पर्यटक तिला तेव्हा पाहतात आणि ट्राउटची प्रसिद्ध नदी ती हीच, म्हणून गळ टाकतात. मासा असतो, पण काठाला चिकटून, खडकांच्या आड, जिथे ओघ मोडतो तिथे. मधल्या धारेत टाकलेली फ्लाय त्याला दिसत नाही आणि दिसली तरी तिच्यासाठी एवढ्या ओघात झेपावणं त्याला परवडत नाही. अशा दिवसांत पहाटेचे दोन-तीन तास, काठालगतची हातभर पट्टी आणि मुख्य नदीत येऊन मिळणारे स्वच्छ नाले, एवढाच वाव असतो.

यात अचानक येऊन मिळतात ते पश्चिमी विक्षोभ. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या या प्रणालींमुळे खाली पाऊस आणि वर बर्फ पडतो. दोन दिवसांत नदी तपकिरी होते, तापमान दोन-तीन अंशांनी घसरतं. लोक निराश होऊन परततात. मी मात्र थांबतो. चढणाऱ्या पाण्यात मासा दबून असतो, पण उतरणाऱ्या पाण्यात, रंग तपकिरीवरून फिकट हिरव्याकडे येत असताना, तो जितका मोकळेपणी खातो तितका एरवी क्वचित खातो. नवा बर्फ पडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची दुपार मी कधी चुकवत नाही.

झऱ्याच्या पाण्याची गोष्टच न्यारी. दक्षिण काश्मीरमध्ये कोकरनाग, वेरीनाग, अच्छाबल या भागात चुनखडीच्या खडकातून मोठे झरे फुटतात. त्यांचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही. हिवाळ्यात ते नदीपेक्षा उबदार असतात, उन्हाळ्यात गार. त्यामुळे लिद्दर राखाडी झाली तरी कोकरनागच्या बाजूचे प्रवाह नितळ राहतात, पाणवनस्पती टिकते, किडे भरपूर होतात आणि मासा चांगला वाढतो. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या खडूच्या प्रदेशातल्या ज्या नद्यांवर ड्राय फ्लायचं, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या माशीचं, शास्त्र तयार झालं, त्यांचा स्वभाव असाच आहे. मे महिन्यात काश्मीरला जाणाऱ्या कोणालाही मी आधी झऱ्यांच्या पाण्याकडे जायला सांगतो.

पण हेच पाणी किती नाजूक आहे ते गेल्या काही वर्षांत दिसलं. २०२२ च्या फेब्रुवारीत वांडेवलगाम गावाजवळ ब्रिंगी प्रवाहाच्या पात्रात खड्डा पडला आणि अख्खा प्रवाह त्यात गडप झाला. चुनखडीच्या प्रदेशात जमिनीखाली पोकळ्या असतात, त्यांचं छत कोसळलं की असं होतं. खालच्या कोरड्या पात्रात ट्राउट तडफडून मेले. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत, बर्फाविना गेलेल्या हिवाळ्यानंतर, मुघल बागेसाठी प्रसिद्ध असलेला अच्छाबलचा झरा आटला. ज्या झऱ्यावर गावांची पिण्याच्या पाण्याची भिस्त आहे त्याच्या बाबतीत मासेमारीचं बोलणं फार लहान वाटतं. तरी लिहितो, कारण गावाच्या हंड्यातलं आणि माशाच्या कल्ल्यातलं पाणी तिथे एकच आहे.

तापमानाचं एवढं महत्त्व कशासाठी? मासा थंड रक्ताचा. पाणी गार असेल तर त्याचं पचन मंद चालतं, त्याला भूकच कमी लागते. ब्राउन ट्राउट साधारण ७ अंशांच्या आसपास मनापासून खाऊ लागतो, १३-१४ अंशांच्या जवळपास त्याची वाढ सर्वांत चांगली होते, १९-२० च्या पुढे तो थकू लागतो आणि २५ च्या आसपास त्याच्या जिवावर बेततं. दुसरीकडून ऑक्सिजनचा हिशेब. समुद्रसपाटीला शून्य अंशांच्या पाण्यात लिटरमागे १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, १० अंशांच्या पाण्यात ११.३, २० अंशांच्या पाण्यात ९.१. उंचीवर हवा विरळ, म्हणून तिथे हे आकडे आणखी खाली येतात. पाणी तापतं तेव्हा माशाची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच पुरवठा घटतो. मार्चमध्ये आपण पाणी तापायची वाट बघतो. मेअखेरीला खालच्या, रुंद, उन्हात पसरलेल्या पात्रांत हीच गोष्ट उलटते आणि दुपारी धरलेला मासा सोडून दिला तरी वाचेलच असं नाही. १८ अंश दिसले की काठी गुंडाळायची, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे.

आता किडे. हा भाग मला सर्वांत आवडतो आणि नेमकं याकडेच लोक कमी लक्ष देतात. घोटाभर पाण्यातला तळहाताएवढा चपटा दगड उचला आणि पालथा करा. ओल्या दगडावर आधी काहीच दिसत नाही. मग दगडाचाच एक तुकडा सरकतो. चपटं अंग, डोक्यावर वरच्या बाजूला डोळे, मागे दोन किंवा तीन लांब शेपट्या, पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे थरथरणारे कल्ले. ही मेफ्लायची बाल्यावस्था, निम्फ. तिचं अंग इतकं चपटं असतं की जोरदार ओघही तिच्या वरून निघून जातो. शेजारी दणकट, दोनच शेपट्यांची, रांगत जाणारी असेल ती स्टोनफ्लाय. आणि वाळूचे कण रेशमाने जोडून केलेली नळी दगडाला चिकटलेली दिसली तर तिच्या आत कॅडिसची अळी आहे. नखाने हलकेच दाबलं तर तिचं काळपट डोकं बाहेर येऊन पुन्हा आत जातं. बघून झालं की दगड होता तसा, त्याच जागी ठेवायचा.

निम्फ पाण्याखाली महिनोन्महिने, काही जाती वर्षभर काढतात. वसंतातल्या एखाद्या दुपारी, तापमान पुरेसं चढलं की त्या पृष्ठभागाकडे निघतात, तिथे कात टाकतात आणि पंख उभारून काही क्षण पाण्यावरच वाहत जातात. मेफ्लायची गंमत अशी की पंख आल्यावरही ती आणखी एकदा कात टाकते. कीटकसृष्टीत दुसरं कोणी हे करत नाही. पहिली पंखवाली अवस्था मळकट, धुरकट पंखांची. काठच्या झुडपावर रात्र काढून ती कात टाकते तेव्हा काचेसारख्या पंखांची होते. या अवस्थेत तिला खाण्यासाठी तोंडच राहिलेलं नसतं. नदीवर थव्याने नाचायचं, जोडी जमवायची, अंडी पाण्यावर सोडायची, एवढ्यात तिचं आयुष्य संपतं.

ट्राउट या प्रवासाच्या प्रत्येक पायरीवर त्यांना खातो, पण बहुतेक खाणं पाण्याखाली चालतं. म्हणून मार्चमध्ये सकाळी माझ्या दोरीला लहान, जड, पितळी मणी ओवलेली निम्फ असते, ती तळाला घासत, ओघाच्याच वेगाने जाऊ देतो. दुपारी वर्तुळं दिसली तर करड्या-हिरवट रंगाची बारीक ड्राय फ्लाय. एप्रिलमध्ये किडे वाढतात, मग थोडी मोठी फ्लाय चालते आणि संध्याकाळचा कॅडिस सुरू होतो. मेमध्ये पाणी राखाडी झालं की लहान माशासारखी दिसणारी स्ट्रीमर, काठालगत. बाजारात शेकड्यांनी नमुने मिळतात. एवढ्या तीन-चारांवर अख्खा वसंत काढता येतो, फक्त दोरी ओघाला आडवी ओढली जाता कामा नये. ओघापेक्षा वेगळ्या वेगाने जाणारा किडा नदीत नसतो आणि माशाला ते बरोबर कळतं.

हा ट्राउट मुळात इथला नाही. श्रीनगरला गालिच्यांचा कारखाना चालवणारे एफ. जे. मिचेल यांच्या खटपटीने ब्रिटनहून अंडी मागवली गेली. १८९९ ची पहिली खेप वाटेतच मेली, १९०० ची दुसरी जगली आणि श्रीनगरजवळ हारवनला पिल्लं वाढली. काश्मीरहून अंडी कुल्लूला गेली, १९०९ मध्ये बियासच्या काठी महिलीला केंद्र उभं राहिलं आणि तिथून ट्राउट तीर्थन, सैंज, उहल या नद्यांत पसरला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेच्या सहकार्याने पतलीकुहलला रेनबो ट्राउटची शेती रुजली. ताटात येतो तो बहुधा हा रेनबो आणि नदीत वाढलेला दिसतो तो बहुधा ब्राउन. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या डोंगरांतही रेनबो रुजला, पण तिथल्या पाण्याला बर्फ माहीत नाही, त्यामुळे त्याची चर्चा इथे करत नाही.

इथला मूळ रहिवासी आहे असेला. इंग्रजांनी त्याला स्नो ट्राउट म्हटलं, पण तो आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला, कार्प आहे. अंगावर बारीक चंदेरी खवले, तोंड खालच्या बाजूला, खालच्या ओठाची कडा राठ. त्या कडेने तो दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. वसंतात ऊन वाढून दगडांवर शेवाळाचा तपकिरी लेप चढला की त्याची भरभराट सुरू होते. स्वच्छ पाण्यात त्याच्या खरवडण्याने दगडावर उमटलेले फिकट ओरखडे दिसतात, ते दिसले की तिथे असेला आहे. काश्मीरमध्ये याच्याच भावकीतले मासे वसंतात झेलम आणि सरोवरांतून नाल्यांत चढून अंडी घालतात. असेला फ्लाय सहसा घेत नाही, तळाशी सरकणारी बारीक निम्फ कधी कधी घेतो. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत त्याची नोंद 'असुरक्षित' अशी आहे. जिथे ब्राउन ट्राउट फोफावतो तिथे तो असेल्याची पिल्लं खातो आणि त्याची जागाही बळकावतो. माझं मत स्पष्ट आहे : जिथे ट्राउट शंभर वर्षं आहे तिथे त्याची काळजी घ्यावी, पण असेला नांदतो आहे अशा एकाही नव्या नाल्यात ट्राउट सोडू नये, मग तो पर्यटनासाठी असो की रोजगारासाठी.

आणि महसीर. कोकणातल्या माणसाला महसीरचा वसंत समजावून सांगायला वेळ लागत नाही, कारण त्याला चढणीचे मासे माहीत असतात. मृगाचे पहिले पाऊस कोसळले की ओढ्यांच्या उलट्या दिशेने मासे शेतांपर्यंत चढतात. सोनेरी महसीरही असाच चढणीचा मासा आहे, फक्त त्याची चढण लांबलचक. हिवाळा तो पायथ्याच्या उबदार, खोल डोहांत काढतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी तापू लागलं की वर निघतो, वसंतभर टप्प्याटप्प्याने चढतो आणि पावसाळ्यात उपनद्यांच्या गोट्यांवर अंडी घालतो. गढवालमध्ये ब्यासघाटला नयार गंगेला मिळते. नयार बर्फाची नाही, झऱ्यांची आणि पावसाची नदी आहे, म्हणून एप्रिलमध्ये ती गंगेपेक्षा उबदार आणि नितळ असते. संगमावर दोन रंगांच्या पाण्याची शिवण दिसते, आणि महसीर त्या शिवणीच्या आसपास असतो. ट्राउटसाठी जिथे पाणी तापण्याची वाट पाहायची, तिथे महसीरसाठी उबदार पाण्याच्या मुखाशी जायचं. पश्चिम रामगंगाही अशीच, दूधातोलीच्या डोंगरांत उगम पावणारी, बर्फाशिवायची. मेमध्ये तिचं पाणी इतकं उतरतं की मासे मोजक्या डोहांत दाटीने राहतात. तेव्हा त्यांना गळाने धरणं सोपं असतं आणि म्हणूनच तेव्हा मी त्यांना धरत नाही. सोनेरी महसीर 'धोक्यात' या वर्गात आहे. ज्याला काठी हाती घ्यायची आहे त्याने ती मार्च-एप्रिलमध्ये, विनाअडणीच्या काट्याने, मासा पाण्याबाहेर न काढता सोडून देण्याच्या तयारीनेच घ्यावी.

महसीरचं आपल्याशी नातं जुनं आहे. दख्खनच्या महसीरला शास्त्रीय नाव मिळालं ते 'खुद्री'वरून, कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतल्या माशावरून केलेल्या वर्णनात. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात आजही देवीचे मासे म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही, भाविक चुरमुरे टाकतात आणि काळे-निळसर पाठीचे मोठाले मासे वर येतात. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या केंद्राने १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवली. देशातल्या महसीर संवर्धनाचा तो पाया आहे. पण त्यातूनच एक धडाही मिळाला. खुद्री कावेरीत सोडली गेली, तिथे ती फोफावली आणि कावेरीतली मूळची कुबडी महसीर मागे पडत गेली. ती आता 'अतिधोक्यात' आहे. हेतू चांगला होता, मासाही भारतीयच होता, पण एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत पाहुणा म्हणून राहत नाही, घर बळकावतो. असेल्याबद्दल मी एवढ्या आग्रहाने लिहिलं त्याचं कारण हेच.

बदलाबद्दल बोलायचं तर सर्वांत मोठा बदल बर्फात आहे. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार उघडे पडल्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. हिवाळा कोरडा गेला आणि फेब्रुवारीअखेरीस उशिरा बर्फ पडला तर तो पक्का होत नाही, मार्चच्या उन्हात भराभर वाहून जातो. नदीवर याचा अर्थ असा की नितळ पाण्याचे दिवस कमी, आणि नंतर जून उजाडायच्या आत कोरडे काठ. उलट जोराचा पाऊस आला की गोट्यांतला पाळणाच वाहून जातो. २०२३ च्या जुलैमध्ये बियासच्या खोऱ्यात जे पूर आले त्यांनी नद्यांचे तळ अक्षरशः उलथून टाकले.

दुसरा बदल धरणांचा. जलविद्युत केंद्र विजेची मागणी वाढते तेव्हा पाणी सोडतं, त्यामुळे खालची नदी दिवसात कधीही, ऊन-बर्फाचा संबंध नसताना, फुटा-फुटाने चढते. माशांची पिल्लं काठावर अडकून मरतात. माणसंही मरतात. ८ जून २०१४ ला थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. धरणाखालच्या पात्रात पाणी कितीही शांत दिसलं तरी खडकांवर जाऊन बसू नये, आणि काठाकडे परतायची वाट कायम मोकळी ठेवावी. हे मी नव्या माणसाला फ्लाय बांधायला शिकवण्याआधी सांगतो.

तीर्थन या संकटातून वाचली ती लोकांमुळे. तिच्यावर लहान लहान जलविद्युत प्रकल्पांची रांग ठरली होती. बंजारचे माजी आमदार दिले राम शबाब यांच्या पुढाकाराने गावं उभी राहिली आणि २००४ च्या सुमारास राज्य सरकारने तीर्थनवर प्रकल्प होणार नाहीत असं ठरवलं. उगमाकडचा भाग ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात आहे, त्याला २०१४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. लारजीला बियासला मिळेपर्यंत ही नदी आपल्याच तालावर चढते-उतरते. हिमाचलात वसंताचा मूळ ताल ऐकायचा असेल तर मी इथेच येतो.

त्या मार्चच्या दिवशी संध्याकाळी परत निघताना वाटाड्या एका वळणावर थांबला. काठाजवळ गुडघाभर पाण्यात उजळ गोट्यांचा एक पट्टा होता, जेमतेम घोंगडीएवढा. त्याने काठावरून चार मोठे दगड उचलले, पट्ट्याच्या चारी कोपऱ्यांना पाण्यात नीट रचले आणि वरच्या दगडावर लाल चिंधी बांधली. दुसऱ्या दिवशी चंदीगडहून येणाऱ्या पाहुण्यांना ती जागा कळावी म्हणून. मी थर्मामीटर पुन्हा पाण्यात सोडला. ७ अंश, आणि खाली उतरत होतं.